टाकीचा पाळणा

फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा निंबखोरीला जायला-यायला एकच वाट होती, आणि ती वाट रेल्वेच्या बांधाखालच्या मोरीतून जायची. दगडी कमानीची ठेंगणी मोरी. बैलगाडी तेवढी त्यातून निघायची, तीही गाडीवानाने मान खाली घातली तर. तळाला अख्खा खडक, आणि मधोमध त्या खडकाचा वीतभर उंचवटा. बाकी तिन्ही बाजूंनी डोंगर. तालुक्याचा दवाखाना मोरीपलीकडे नऊ कोसांवर. बैलगाडीला तिथे पोचायला दिवस मावळायचा. कितीतरी माणसं त्या नऊ कोसांतच गेली. आजारी माणसाला गाडीत घातलं की घरच्या बायका मोरीपर्यंत सोबत जायच्या आणि तिथूनच रडत माघारी यायच्या.

त्या काळी गावाबाहेर, ओढ्याच्या कडेला, ठकूबाई घिसाडीण राहायची. घिसाडी म्हणजे गावोगाव फिरून लोखंडकाम करणारे लोक. त्यांच्यात नवरा भट्टीपाशी बसून तापलेलं लोखंड सांडशीत धरतो आणि बायको उभी राहून त्यावर घण घालते. ठकूबाईचा घण पडला की ओढ्यापलीकडच्या म्हशी चरायचं सोडून माना वर करायच्या, असं म्हणतात.

तिचा नवरा रतन. एका उन्हाळ्यात कुणीतरी त्याच्याकडे एक पिंप आणलं, पाणी साठवायला कापून द्या म्हणून. पिंपात कधीकाळी पेट्रोल होतं. आता थेंबही नव्हता, उलटं करून पाहिलं होतं. रतनने तापलेली छिन्नी पिंपाला लावली मात्र, आत कोंडलेल्या पेट्रोलच्या वाफेने पिंप फुटलं. ठकूबाई घण आणायला चार पावलं मागे वळली होती, म्हणून ती वाचली.

तांडा पुढे गेला. ठकूबाई गेली नाही. जिथे रतनची माती झाली तिथेच तिने झोपडी घातली. विळे, कुऱ्हाडी, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा, सगळं ती करायची. पण ज्या लोखंडात पेट्रोल राहिलंय त्याला ती हात लावायची नाही. लांबून वास आला तरी तिच्या तळहातांना घाम सुटायचा.

अशात एक दिवस हसनभाई मोटार घेऊन आला. हसनभाई निंबखोरीचाच. बाहेर एका डॉक्टरकडे तो ड्रायव्हर होता. डॉक्टर म्हातारे होऊन आपल्या मुलखाला निघाले, तेव्हा त्यांनी आपली जुनी मोटार त्याला देऊन टाकली. लांबलचक गाडी, लाकडी अंगाची, मागे माणूस आडवा निजेल एवढी जागा. गावाने तिचं नाव ठेवलं लांबडी. हसनभाईच्या मनात एकच होतं. आजारी माणूस तासाभरात दवाखान्यात पोचला पाहिजे.

पण लांबडी मोरीत शिरेना. छत कमानीला अडायचं. गाडी पलीकडे उघड्यावर ठेवावी तर रात्रीतून तिची चाकंसुद्धा राहिली नसती. छत कापावं तर सगळा सांगाडाच खिळखिळा झाला असता. तळ खणावा तर खडक. मग हसनभाईने गाडीच बसकी केली. चाकांवरच्या स्प्रिंगांचे पाटे काढले, चाकं लहान घातली, आणि लांबडी मांजरासारखी जमिनीलगत झाली. छत जेमतेम निघेल असं झालं. पण पेट्रोलची टाकी गाडीच्या पोटाखाली लटकत होती. पहिल्याच वेळी ती मोरीतल्या उंचवट्याला घासली. खर्र करून ठिणग्या उडाल्या. ढकलायला आलेली माणसं गाडी सोडून पळाली. शेवटी टाकी सोडवून नुसती गाडी ढकलत गावाकडे आणली.

संध्याकाळी हसनभाई ठकूबाईच्या झोपडीसमोर येऊन उभा राहिला.

"ठकूबाई, टाकी वर घ्यावी लागेल. मागच्या सीटमागे, आत. तिला बसायला काहीतरी करून दे."

"दुसऱ्या कुणाला सांग, भाऊ."

"दुसरं कोण आहे?"

ठकूबाईने भट्टीवर पाणी ओतलं आणि ती झोपडीत गेली. तीन दिवस ती भट्टीला शिवली नाही. चौथ्या दिवशी मोरीच्या बाजूने बायकांचं रडणं ऐकू आलं. कुणाचं तरी पोर बैलगाडीतून माघारी आलं होतं, चादरीत गुंडाळून. ठकूबाई उठली आणि हसनभाईच्या दारात गेली.

"करते," ती म्हणाली. "पण टाकी माझ्या भट्टीपासून शंभर पावलं लांब राहील. आगीतलं लोखंड टाकीकडे जाणार नाही आणि टाकी आगीकडे येणार नाही. टाकीला मी एक भोक पाडणार नाही, कथलाचा एक डाग देणार नाही. बसवायची ती नुसती पट्ट्यांनी आवळून."

"आणि ती सुटली तर?"

"म्हणूनच तर झोप लागत नाही मला."

मोडक्या बैलगाड्यांच्या धावा तिने गोळा केल्या. धाव म्हणजे चिवट लोखंड, आयुष्यभर दगड खाल्लेलं. ते तापवून, सरळ करून, पुन्हा वाकवून तिने टाकीसाठी पाळणा केला. खाली दोन आडव्या पट्ट्या, चार कोपऱ्यांत चार पाय, वरून आवळायला दोन पट्टे. माप घ्यायचं सुतळीने. सुतळी घेऊन टाकीपाशी जायचं, गाठ मारायची, शंभर पावलं भट्टीकडे यायचं, घण घालायचा, लोखंड पाण्यात थंड करायचं, गालाला लावून बघायचं, मगच ते टाकीकडे न्यायचं. कुठे एक गहूभर फरक निघाला की पुन्हा शंभर पावलं. नऊ दिवस ती अशी जात-येत होती. तिच्या पायांनी तिथे वाट पडली आणि त्या वाटेवर पुढे कधी गवत उगवलं नाही, असं म्हणतात.

पट्टा फार आवळला तर टाकीचा सांधा उकलेल. सैल ठेवला तर टाकी घासेल, घासून पातळ होईल, झिरपेल. ठकूबाई पट्ट्यावर बोट वाजवायची आणि कान लावायची. जुन्या मोटेचं कातडं कापून तिने लोखंड आणि टाकी यांच्यामध्ये घातलं. टाकीची वाफ आत कोंडू नये म्हणून हवेची नळी छताबाहेर काढली, आणि निजणाऱ्या माणसाला वास लागू नये म्हणून मध्ये पत्रा लावला. रात्री ती दचकून उठायची आणि अंधारात बोटांनी पट्ट्यांचे नट मोजायची. जवळ कंदील नेणं तिला कसं जमणार?

नवव्या दिवशी टाकी पाळण्यासकट गाडीत बसवायची होती. तिने गावात सांगून पाठवलं, टाकी बसेपर्यंत आज कुणी चूल पेटवायची नाही. लोक कुरकुरले. पोलीस पाटील स्वतः आले.

"अगं, तुझी टाकी कुठे आणि आमच्या चुली कुठे? एवढं काय घाबरायचं?"

"पाटील, मी घाबरते म्हणूनच ते काम मला दिलंय ना?"

पाटील परत गेले. गावाने शिळी भाकरी खाल्ली.

टाकी बसली. पट्टे आवळून झाले. मागचं दार चढवायचं तेवढं राहिलं, आणि रानातून ओरडा आला. गवत कापणाऱ्या बायनाला फुरसं चावलं होतं. हाताला. कोवळी पोर, लग्नाला वर्ष झालेलं. झोळीत घालून आणली तेव्हा तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

हसनभाई म्हणाला, "अजून एकदाही चालवून बघितली नाही गं, बाई."

"मग आत्ता बघू," ठकूबाई म्हणाली.

बायनाला आत निजवलं. दार नसलेल्या मागच्या बाजूने, टाकीपाशी, ठकूबाई पाठमोरी बसली. हात टाकीवर. सोबत तिने भिजवलेलं पोतं घेतलं. मोरीच्या तोंडाशी आल्यावर तिने इंजिन बंद करायला लावलं. आत ठिणगी नको. माणसांनी ढकलायला सुरुवात केली.

लांबडीचं तोंड मोरीत गेलं. अर्धं अंग गेलं. आणि छत कमानीच्या दगडाला अडकलं. टाकी बसवल्यावर गाडी कुठेतरी बोटभर कलली होती. पुढेही जाईना, मागेही येईना. शेपूट बाहेर, टाकी उघड्यावर. तेवढ्यात बांध थरथरायला लागला. दुपारची मालगाडी येत होती, कोळशाची, आणि तिचं इंजिन बांधावरून जाताना निखारे सांडायचं. उन्हाळ्यात त्यांनी दोनदा कडब्याच्या गंजी पेटल्या होत्या.

माणसांचे हात सुटले. एक जण पळाला, मग दुसरा.

ठकूबाईने पोतं टाकीवर टाकलं आणि स्वतः पोत्यावर पालथी पडली. दोन्ही हातांनी तिने पाळणा कवटाळला. वर मालगाडीचा धडधडाट सुरू झाला आणि निखारे उतारावरून गडगडत आले. तिच्या पाठीवर पडले, केसांत पडले. ती हलली नाही. ओरडली, पण दुखलं म्हणून नव्हे.

"आत बसा! पळताय कुठे? बसा आत, गाडी दबेल!"

आधी हसनभाईला कळलं. त्याने दोघांना धरून आत कोंबलं. मग पाटील चढले. पळालेले परत आले, फळ्यांवर लोंबकळले. बारा माणसांच्या वजनाने लांबडी दोन बोटं खाली बसली आणि छत सुटलं. उरलेल्यांनी खांदे लावले. गाडी सरकली. आता खालच्या उंचवट्याची भीती. पूर्वीसारखी टाकी खाली असती तर तिथेच फुटली असती. पण टाकी वर होती, आणि खडक आणि गाडीचं पोट यांच्यात एका नखाएवढी जागा राहिली. अंधारात सगळ्यांनी श्वास धरले होते. मालगाडी संपेचना. ती मालगाडी त्या दिवशी नेहमीपेक्षा दुप्पट लांब होती, असं म्हणतात. आणि असंही म्हणतात, की मोरीतला खडक ठकूबाईसाठी तेवढ्यापुरता खाली वाकला.

पलीकडे ऊन दिसलं. हसनभाईने इंजिन चालू केलं. तासाभरात बायना दवाखान्यात पोचली आणि आठव्या दिवशी आपल्या पायांनी गावात आली.

ठकूबाईच्या पाठीवर सतरा डाग राहिले. ते भरून आल्यावर ती पुन्हा लांबडीत जाऊन बसली, तशीच पाठमोरी, हात टाकीवर. प्रत्येक खेपेला. "आता बस झालं, टाकी पक्की आहे," हसनभाई म्हणायचा. ती म्हणायची, "पक्की आहे असं वाटतं तेव्हाच जपायचं असतं. मला जाऊ दे." गाडीची कललेली बाजू हसनभाईने सारखी केली, आणि लांबडी मोरीतून न अडता निघायला लागली. शेकडो खेपा झाल्या. बाळंतिणी गेल्या, तापाने फणफणलेली पोरं गेली, झाडावरून पडलेले गेले. टाकीतून थेंबसुद्धा झिरपला नाही.

मग एका खेपेला हसनभाई रिकामी गाडी घेऊन परत येत होता. मोरीतून बाहेर पडल्यावर सवयीने त्याने विचारलं, "ठीक आहे ना गं?" उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. गाडी वाटेत कुठेच थांबली नव्हती. गावाने मोरी शोधली, बांध शोधला, ओढा शोधला. कुणी म्हणालं, तिचा तांडा रस्त्याने जात होता, त्याच्याबरोबर गेली. कुणी म्हणालं, ती मोरीतच राहिली. हसनभाईने टाकीवर हात ठेवला तर एक जागा ऊबदार होती, असं तो मरेपर्यंत सांगायचा.

आता निंबखोरीला घाटातून डांबरी रस्ता झालाय. मोरीतून शेरडं तेवढी जातात. पण खंडेनवमीला, जेव्हा सगळीकडे हत्यारं आणि अवजारं पुजतात, तेव्हा निंबखोरीत सकाळी चूल पेटत नाही. मोरीत मावतील तेवढ्या गावातल्या गाड्या, मोटारसायकलीपासून रिक्षांपर्यंत, इंजिन बंद करून हातांनी ढकलत मोरीतून पलीकडे नेतात. प्रत्येक गाडीत मागे एक बाई पाठमोरी बसते. कुणी बोलत नाही. शेवटची गाडी उन्हात आली, की मगच गावात धूर दिसतो.

एखादा नवा ड्रायव्हर असतो, परगावचा. तो विचारतो, हे कशासाठी? त्या वेळी कुणी त्याला गोष्ट सांगत बसत नाही. त्याच्या ओठांतली विडी तेवढी काढून घेतात, पाण्यात बुडवतात, आणि म्हणतात, लाव खांदा.