सात जाणते आणि एक अडाणी

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंकडे तक्रार घेऊन गेला. तक्रार कोणा माणसाविरुद्ध नव्हती, एका प्रोग्रॅमविरुद्ध होती.

गुरू वृद्ध होते. शीतगृहे चालवणारे सॉफ्टवेअर तयार करण्यात त्यांचे आयुष्य गेले होते, आणि सगळे त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्या कार्यालयात एक चमत्कारिक रीत होती. सॉफ्टवेअरसोबत ग्राहकाला जी माहितीपुस्तिका द्यायची, तिचीही तिथे परीक्षा होत असे. परीक्षक होता आप्पांनीच लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम. सॉफ्टवेअरमध्ये कोणी लहानसा जरी बदल केला, तरी हा प्रोग्रॅम आपणहून पुस्तिका उघडे, पहिल्या पायरीपासून शेवटपर्यंत लिहिले आहे तेवढेच करून पाही, आणि पुस्तिकेत सांगितले तसे घडले नाही तर त्या ओळीपुढे लाल खूण करी. स्वतःची अक्कल तो कणभरही वापरत नसे. म्हणून त्याचे नाव पडले होते 'अडाणी'. अडाण्याची एक जरी लाल खूण असली, तरी पुस्तिका छापायची नाही, असा आप्पांचा दंडक होता.

शिष्य म्हणाला, "आप्पा, अडाणी बिघडलाय. तीनशे चाळीस ओळी बरोबर म्हणतो आणि एका ओळीवर अडून बसलाय. वीज परत आल्यावर हिरवं बटण दोनदा दाबा, कॉम्प्रेसर सुरू होईल, अशी ती ओळ आहे. हा म्हणतो, होत नाही. मी स्वतः नऊ वेळा करून पाहिलं. प्रत्येक वेळी सुरू झाला."

"आणखी कोणी पाहिलं?"

"मी धरून सात जणांनी पाहिलं. सगळ्यांचा झाला. सातही जण वर्षानुवर्षं हेच काम करताहेत. आता सात जाणत्यांचं खरं मानायचं, की त्या एका अडाण्याचं? तेवढी एक ओळ त्याच्या परीक्षेतून वगळू का?"

आप्पांनी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. खुंटीवरचे उपरणे खांद्यावर टाकले आणि म्हणाले, "ती पुस्तिका घे. आपल्याला शीतगृहात जायचंय."

शिष्य गोंधळला. बिघाड कार्यालयात आणि वैद्य निघाले परगावी, असे त्याला वाटले. पण गुरूंना उलटून विचारायची सवय नव्हती, म्हणून तो मुकाट्याने गाडीत बसला.

शीतगृह एका व्यापाऱ्याचे होते. नवे सॉफ्टवेअर तिथे आदल्याच दिवशी बसवले होते आणि व्यापारी पुस्तिकेची वाट पाहून कातावला होता. आत चार गावांचे बटाट्याचे बियाणे ठेवलेले. दिवस वैशाखाचे, वीज रोज दुपारी जायची. इतकी वर्षे यंत्र सांभाळणारा म्हातारा कालच काम सोडून मुलाकडे राहायला गेला होता, आणि त्याच्या जागी हौसाबाई नावाच्या बाई नव्याने लागल्या होत्या. सातवी शिकलेल्या, हुशार, पण असले यंत्र त्यांनी जन्मात पाहिले नव्हते.

"आप्पासाहेब, पुस्तिका आजच्या आज द्या," व्यापारी म्हणाला. "दुपारी वीज येईल तेव्हा बाई एकट्याच असणार. यंत्र चालू करून, कुलूप लावून घरी जाणार. कॉम्प्रेसर दोन दिवस बंद राहिला तर आतला माल सडेल. पेरायला गावांनी काय आणायचं?"

"आधी एकदा वीज घालवा," आप्पा म्हणाले.

व्यापाऱ्याने चक्रावून मुख्य खटका पाडला, थोड्या वेळाने पुन्हा वर केला. शिष्याने पुस्तिका उघडली, ती ओळ मोठ्याने वाचली आणि बटण दाबले. स्क्रीनवर 'सुरू' अशी अक्षरे उमटली, कॉम्प्रेसर घरघरू लागला.

"पाहिलंत?" शिष्याचा चेहरा उजळला.

"किती वेळा दाबलंस?"

"दोनदा. लिहिलंय तसं."

हौसाबाई संकोचून म्हणाल्या, "एकदाच दाबलं की वो त्यांनी."

शिष्याला राग आला. आपण काय केले ते आपल्याला कळत नाही की काय? तो काही बोलणार, तेवढ्यात आप्पांनी एक विलक्षण गोष्ट केली. खांद्यावरचे उपरणे काढून त्यांनी संपूर्ण स्क्रीन झाकून टाकली, व्यापाऱ्याला पुन्हा वीज घालवून परत आणायला सांगितले आणि शिष्याला म्हणाले, "आता वाच आणि कर."

स्क्रीन झाकून यंत्र कोण चालवते? शिष्याने व्यापाऱ्याकडे पाहिले, व्यापाऱ्याने हौसाबाईंकडे. पण गुरूंची आज्ञा. त्याने चाचपडत बटण शोधले आणि मोजून दाबले. एक. दोन.

कॉम्प्रेसरने नुसता हुंदका दिल्यासारखा आवाज केला आणि तो गप्प झाला. सगळे वाट पाहत उभे राहिले. घरघर काही सुरू होईना. वीज पुन्हा गेली असावी म्हणून शिष्याने वर पाहिले, तर दिवा लख्ख चालू होता.

"असं कसं?" तो पुटपुटला. "आत्ता तर झाला होता!"

आप्पांनी उपरणे काढून घेतले आणि शांतपणे विचारले, "गेल्या महिन्यात तू सॉफ्टवेअरमध्ये काय बदललंस?"

शिष्य आठवू लागला. "विशेष काही नाही. पूर्वी वीज आली तरी स्क्रीन झोपलेलीच राहायची. पहिल्यांदा बटण दाबलं की ती जागी व्हायची आणि दुसऱ्यांदा दाबलं की कॉम्प्रेसर सुरू. लोकांचा त्रास वाचावा म्हणून ती आपोआप जागी होईल असं मी केलं. त्यामुळे आता पहिल्यांदा दाबलं की..." तो थांबला. "सुरू होतो. आणि दुसऱ्यांदा दाबलं की बंद."

"बाळ, तू पुस्तिका वाचत नव्हतास," आप्पा म्हणाले. "तोंडाने वाचत होतास, पण हात डोळ्यांचं ऐकत होता. 'सुरू' दिसलं की बोट आपोआप थांबायचं, आणि मनात मात्र दोनदा दाबल्याचीच नोंद व्हायची. तुम्ही सातही जणांनी तेच केलंत. यंत्राच्या प्रेमापोटी पुस्तिकेची चूक नकळत सांभाळून घेतलीत. सांभाळून घेणं हा माणसाचा मोठा गुण आहे, पण परीक्षकाचा नव्हे. अडाण्याला सांभाळून घेता येत नाही, म्हणून मी ते काम त्याला दिलं. आणि या बाईंनाही सांभाळून घेता आलं नसतं. त्यांना यंत्र ठाऊक नाही. त्यांच्या हातात फक्त आपला शब्द आहे."

हौसाबाई बंद पडलेल्या कॉम्प्रेसरकडे पाहत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी मी उद्या लिवल्यापरमानं दोनदा दाबून, कुलूप लावून घरी गेले आसते..."

व्यापाऱ्याने घाम पुसला.

शिष्याचा गोंधळ मात्र पुरता फिटला नव्हता. त्याने विचारले, "पण आप्पा, पुस्तिका लिहिली तेव्हा ती खरी होती. मी केलेला बदलही चांगलाच होता. मग चुकलं कोण?"

"कोणीच नाही," आप्पा म्हणाले. "म्हणून तर प्रत्येक वेळी नव्याने विचारावं लागतं. चूक कोणाची तरी असती, तर त्याला एकदा शिकवून आपण मोकळे झालो असतो."

शिष्याने खाली बसून पुस्तिकेतला 'दोनदा' हा शब्द खोडला, वर 'एकदा' लिहिले आणि ते पान हौसाबाईंपुढे धरले. त्यांनी ते बोट ठेवून सावकाश वाचले. मग मान वर करून सरळ त्याच्याकडे पाहिले.

"आता बराबर हाय न्हवं, दादा?"

एरवी शिष्य तत्काळ 'हो' म्हणाला असता. त्याच्या ओठांवर ते आलेही होते.

"मला तसं वाटतंय," तो म्हणाला, "पण मी जाणता आहे, बाई. थोडं थांबा. अडाण्याला विचारून सांगतो."