मोरपिसाची पुडी

नदीपल्याडच्या एका जंगलात एक वानरी आपल्या धाकट्या लेकीबरोबर राहत असे. तिचा थोरला मुलगा मागच्या उन्हाळ्यात गेला. त्याला कोल्ह्याच्या दुकानातला कैफपाला चघळण्याची सवय लागली होती. मुलांनो, तो पाला चवीला कडूच. पण गालात धरला की डोके जरा हलके होई. आधी थोरल्याच्या गालात फोड आला, मग जबडा आखडत गेला. शेवटी शेवटी तो पिकलेले उंबर हातात धरून नुसता बसे. ते आत जाईल एवढेही तोंड उघडत नसे.

तेव्हापासून वानरी रोज सकाळी धाकटीला समोर बसवी. "आ कर बघू," म्हणे आणि तिच्या तोंडात आपली तीन बोटे सहज मावतात ना, ते पाही. मावली की तेवढ्यापुरता तिचा जीव भांड्यात पडे. एके दिवशी मात्र लेकीच्या कानामागे मोरपीस दिसले आणि तिने ते झटकन ओढून काढले. कोल्हा पाल्याची पुडी पळसाच्या लाल पाकळ्यांत गुंडाळी आणि वर मोरपिसाचा तुरा खोची.

"पाला नाही गं खाल्ला, आई!" धाकटी म्हणाली. "पुडी उघडलीच नाही, नुसता तुरा घेतला. ज्याच्याकडे जास्त तुरे, तो खेळात राजा!"

"किती झाले तुझ्याकडे?"

"सात!"

थोरल्यानेही आधी तुरेच जमवले होते.

वानरी तडक हत्तीकडे गेली. जंगलाचे तंटे तोच सोडवी. त्याने पाणवठ्यावर सभा भरवली. वानरी म्हणाली, "पाला विकायचा तर विका. पण पुडी वाळक्या सागाच्या पानात बांधा. तुरा नको, पाकळी नको."

"वा गं वा, वानरीबाई!" गालातला पाला चघळत अस्वल गुरगुरले. "आज पुडीचा तुरा काढशील, उद्या माझ्या मधाच्या पोळ्यावर फडकं टाकशील! मी काय दूधपितं पिल्लू आहे?"

सभा खो खो हसली. कोल्हा नम्रपणे पुढे आला. "गजराज, मी पाला देतो तो जाणत्यांना. पोरासोरांना दारातही उभं करत नाही. आणि जाणत्याला तुऱ्याचं काय? ज्याला सवय आहे, तो कशातही बांधलं तरी घेणारच. तुऱ्यामुळे एक पुडीसुद्धा जास्त खपत नाही."

हत्ती मान डोलावू लागला. सभा अशीच उठली, तर लेकीचे तुरे वाढत जाणार आणि एक दिवस ती पुडीही उघडणार, हे तिला डोळ्यांसमोर दिसत होते. ती हळू आवाजात म्हणाली, "तुऱ्याने खप वाढत नसेल, तर कोल्होबांचं काहीच जात नाही. उलट पिसं वेचायचे कष्ट वाचतील. सागाची पानं मी स्वतः आणून देते."

कोल्हा गडबडला. "अहो, असल्या मातकट पानात बांधलं तर पोरं ढुंकून तरी बघतील का?"

अस्वलाने मान वळवली. त्याचेही एक पिल्लू होते. "पोरं?" ते म्हणाले. "कोल्होबा, तू तर जाणत्यांना देतोस ना?"

हत्ती उठून उभा राहिला. "उद्यापासून सागाचं पान," एवढेच तो बोलला.

कोल्ह्याचे दुकान काही बंद झाले नाही. अस्वलाची सवयही सुटली नाही. ते खाली मान घालून मातकट पुडी घेऊन जाई. पिल्ले मात्र त्या दारात थांबेनाशी झाली. त्यांनी चिंचेखाली गोट्यांचा नवा डाव मांडला. थोरल्यासाठी हे सारे एका उन्हाळ्याने उशिरा झाले होते. वानरी ते कोणाला बोलून दाखवत नसे. "फार लांब जाऊ नकोस गं," एवढे लेकीला सांगे आणि खेळ संपेपर्यंत जवळच्याच फांदीवर बसून राही.

तात्पर्य : विष विकणारा वेष्टनासाठी भांडू लागला, की ते वेष्टन कोणाला भुलवण्यासाठी आहे, हे वेळीच ओळखावे.