डबा आणि बारावं नवरात्र

“मग तुम्ही सोडलंत तरी काय, महाराज?”

विश्वंभरने हे विचारलं तेव्हा मठापुढे गुढी उभारून तासही झाला नव्हता.

भैरवगिरी महाराज ओसरीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात पत्र्याचा चौकोनी डबा. कधी काळी कुणी भक्तीण त्यातून लाडू घेऊन आली असेल. आता त्यात काडेपेट्यांवरचे छाप होते. हत्तीचे, जहाजाचे, कंदिलाचे, पंख पसरलेल्या परीचे. एकेक छाप पाण्यात भिजवून, अलगद सोडवून, सावलीत वाळवलेला.

“घर सोडलं,” महाराज म्हणाले. “नाव सोडलं. मीठही सोडलं होतं... ते परत धरलं.”

“आणि हे?”

“हे नंतर जमलं.”

ओसरीवर बसलेले सात-आठ जण हसले. विश्वंभर हसला नाही.

ही माणसं दर पाडव्याला यायची. कुणी मिरजेहून, कुणी इस्लामपूरहून, एक जण तर थेट कराडच्या पुढून. सगळ्यांना नाद एकच, काडेपेट्यांचे छाप जमवायचा. नदीकाठच्या या लहानशा मठात बसायची, जवळचे जादा छाप बदलून घ्यायची आणि कडुनिंबाचा प्रसाद खाऊन परत जायची.

नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायची त्यांची रीत वेगळी होती. गेल्या वर्षी काय सापडलं नाही, ते ज्याने त्याने सांगायचं. बाकीच्यांनी एका सुरात म्हणायचं, “सापडेल.”

बस, एवढंच.

एस.टी.तून निवृत्त झालेले दिलावर मुलाणी म्हणाले, “निळ्या शाईतला मोर. यंदाबी नाही.”

“सापडेल.”

शकूताई कोष्टी म्हणाल्या, “मला जोडीतली दुसरी परी. पण यंदा परीपेक्षा सूनबाईच जास्त शोधत होती. माझा डबा! रद्दीत द्यायला. म्हटलं, आधी तुमच्या लग्नाचे आल्बम जातील, मग माझा डबा जाईल.”

“मग?”

“मग काय! दोन्ही कपाटात. शेजारी शेजारी.”

“आता तर काडेपेटीबी कोण घेतंय?” मुलाणी म्हणाले. “लेक म्हणतो, अब्बा, कारखाने बंद पडले, तुमचं कधी बंद पडणार? म्हटलं, कारखाने बंद पडले म्हणूनच आम्ही चालू आहोत.”

विश्वंभर खांबापाशी उभा होता. गेली अकरा वर्षं तो या मठात होता. पहाटे नदीवर स्नान, मग झाडलोट, मग जप. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत नऊ दिवस निव्वळ पाण्यावर राहायचं व्रत त्याने घेतलं होतं. बारा वर्षांचं. हे बारावं.

अकरा वर्षांत एकदाही त्याने व्रत मोडलं नव्हतं. एका वर्षी अंगात ताप होता, तरी नाही.

“नवमीला उद्यापन आहे,” तो म्हणाला. “बाहेरगावचे लोक येतील. ते मला विचारतात, तुमचे गुरू पोरासारखे कागद चिकटवत बसतात, हे खरं का? मी काय सांगू?”

“खरं सांग.”

“काय खरं?”

“चिकटवत नाही म्हणून सांग. चिकटवले की खराब होतात.”

पुन्हा हशा पिकला. विश्वंभरचे कान लाल झाले.

तो पुढे आला. महाराजांना वाकून नमस्कार केला आणि ताठ उभा राहिला.

“आज पाडवा आहे. मी संकल्प करून आलोय. एक तर हा डबा मठातून जाईल, नाही तर मी जाईन.”

खांबाला टेकवलेली त्याची पडशी तेव्हा सगळ्यांना दिसली. बांधून ठेवलेली.

महाराजांनी पडशीकडे पाहिलं. मग डब्याकडे.

“बरं,” ते म्हणाले.

डब्याचं झाकण त्यांनी लावलं आणि तो शकूताईंच्या मांडीवर ठेवला.

“घ्या. तुमचा झाला.”

शकूताईंनी डब्याला हातसुद्धा लावला नाही. “बाबा, हे काय? एकास एक, ही आपली रीत. एक छाप द्यायचा, एक घ्यायचा. अख्खा डबा आयता घेतला तर मी जमवलं काय? मला नको.”

“मुलाणी?”

“मलाबी नको. निळा मोर त्यात असला तरी नको.”

“आहे त्यात.”

मुलाणींनी डोळे मिटले.

“...तरी नको.”

महाराज विश्वंभरकडे वळले. “बघ बाबा. मी सोडतोय, पण कुणी धरत नाही.”

“मग धुनीत घाला!”

ओसरीच्या टोकाला धुनी होती. रात्रंदिवस पेटती ठेवलेली. तिच्यात लाकूड सरकवायचं काम विश्वंभरचंच.

“घाल,” महाराज म्हणाले.

“मी?”

“सोडा म्हणणारा तूच ना? माझा हात कशाला मध्ये?”

विश्वंभरने शकूताईंच्या मांडीवरचा डबा उचलला. वाटला होता त्याहून हलका निघाला. तो धुनीपाशी गेला, झाकण काढलं आणि डबा तिरपा धरला. वरचा एक छाप उष्णतेने थरथरला.

त्याने मागे वळून महाराजांकडे पाहिलं. चेहरा कुठे तरी हलेल, असं त्याला वाटलं होतं.

महाराज कडुनिंबाची कोवळी पानं, गूळ, ओवा आणि चिंच कालवून केलेल्या प्रसादाची एक गोळी वळत होते.

शकूताईच बोलल्या. आवाज चढवून नाही, पण मान वर करून. “टाकायचं तर टाका. आमच्या तोंडाकडे काय बघता? आम्ही परत पहिल्यापासून जमवू.”

“हां,” मुलाणी म्हणाले. “वेळ भरपूर आहे आपल्याला.”

ते सत्तरीच्या पुढचे होते.

विश्वंभरचा हात आणखी थोडा खाली गेला.

“थांब,” महाराज म्हणाले.

ते उठले. गुडघ्यावर हात टेकत धुनीपाशी आले. प्रसादाची गोळी त्यांच्या तळहातावर होती. तो तळहात त्यांनी विश्वंभरपुढे धरला.

“एकास एक. तू डबा घाल... आणि हे खा.”

“माझा उपास आहे!”

“माहीत आहे.”

“महाराज, हे माझं बारावं आहे!”

“माझं हे डब्याचं एकेचाळिसावं.”

“हे कागद आहेत! माझा उपास देवासाठी आहे.”

“आणि माझे कागद देवासाठी नाहीत, हे तुला कुणी सांगितलं?”

धुनीतलं एक लाकूड खचलं. ठिणग्या उडाल्या. विश्वंभरने झटकन डबा मागे घेतला आणि छातीशी धरला. आपण असं का केलं, हे त्याला कळायच्या आत ते झालं होतं.

महाराजांचा हात तसाच पुढे होता.

“खा ना. एका घासाचं तर आहे. मग तूही मोकळा, मीही मोकळा. संध्याकाळी दोघंही नदीवर फिरायला जाऊ.”

विश्वंभरच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं की आणखी कशाचं, कोण सांगणार? अकरा वर्षांचे ते नऊ-नऊ दिवस... चौथ्या दिवशी येणारी चक्कर, सातव्या दिवशी मन कसं निवळशंख व्हायचं, नवमीला दुपारी बारा वाजता हलणारा रामाचा पाळणा. त्यातला एकेक दिवस त्याला वेगळा आठवत होता. पण तो कुणाला दाखवता येण्यासारखा नव्हता.

“नाही,” तो म्हणाला.

“काय नाही?”

“नाही खाणार. तुम्ही गुरू आहात, तुमची आज्ञा मोडल्याचं पाप लागेल, लागू दे. मला कुणी वेडा म्हणो, हट्टी म्हणो. हे मी कुणाच्या सांगण्यावरून सोडणार नाही. तुमच्यासुद्धा नाही!”

आवाज नदीपर्यंत गेला असेल.

विश्वंभर धापा टाकत उभा होता. डबा अजून त्याच्या छातीशीच होता.

महाराजांनी ती कडू गोळी स्वतःच्या तोंडात टाकली. सावकाश चावली. तोंड वाकडं केलं आणि मग एवढे मोठ्याने हसले, की पिंपळावरचे पोपट उडाले.

ते आपल्या जागी येऊन बसले. शकूताईंकडे आणि मुलाणींकडे पाहत हाताने खूण केली.

“मंडळी, जरा सरका... आपल्यातलं एक माणूस अजून उभंच आहे.”