केरबाची जीप आणि सात ओढे

गिरणीत ज्वारी दळायला गेले होते. माझ्या पुढे दोघीजणी उभ्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "केरबानं म्हणे सासुरवाडीला अख्ख्या गावाला गाडीच्या तेलातले वडे..." आणि तेवढ्यात गिरणी सुरू झाली. पुढचं सगळं पट्ट्याच्या आवाजात गेलं. गिरणी थांबली तेव्हा दोघी आपापलं पीठ घेऊन गेल्या होत्या.

मला कुणाच्या घरात डोकवायची सवय नाही. पण अर्धी बातमी पोटात ठेवून भाकरी कशी पचायची? ज्वारी तिथंच ठेवली आणि थेट केरबाच्या दारात गेले. काही त्यानं सांगितलं, काही त्याच्या बायकोनं, हौसाक्कानं. आणि काही तर माझ्या डोळ्यांदेखतच झालेलं.

तर आमच्या गल्लीत एक भोळा केरबा राहतो. जे सांगाल ते तो सांगाल तसंच करतो. एक तसूभर कमी नाही, एक तसूभर जास्त नाही. तेवढंच त्याचं चुकतं.

त्याच्याकडे एक जुनी जीप आहे. आणि हौसाक्काचं माहेर आहे घाटात, वरच्या माळेवाडीला. तिथं वर्षातून एकदा म्हाई असते. देवीच्या नावानं सगळ्या पै-पाहुण्यांना जेवण. हौसाक्काची तीन वर्षं म्हाई चुकली होती. भावजय टोमणे मारायची, "नणंदबाई येतात कधी, आणि आणतात काय?" म्हणून यंदा हौसाक्कानं आईला निरोप धाडला, "यंदा वड्यांचं तेल माझं. अख्खा डबा." आणि केरबाला म्हणाली, "घाट चढायचाय. आधी गाडी मिस्त्रीला दाखवा."

जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. त्यात दात्यांची चक्रं फिरतात, म्हणून त्यात तेल लागतं. बाबालाल मिस्त्रीनं विचारलं, "गोळ्याचं तेल कधी बदललं होतंस?"

"कधीच न्हाई."

"मग चाळीस हजार किलोमीटर झाले की बदलायचं."

केरबानं मीटर बघितला. एकोणचाळीस हजार आठशे. म्हणजे अजून दोनशे कमी. केरबा शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारायला लागला. सकाळी लागला तो दुपार झाली तरी तेच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुपारी मिस्त्री जेवायला निघाला तर हा अजून फिरतोय.

"अरे बाबा, थोडं आधी बदललं तर काय बिघडतं? व्हायचंच आहे ते काम, त्याची वाट बघत बसू नये. आधीच उरकावं!"

"व्हय," केरबा म्हणाला. त्यानं ते लक्षात ठेवलं.

त्याच संध्याकाळी माझ्या सासूबाईंना ताप आला. केरबा चौकशीला आला. येताना जीपच्या टपावर चार बांबू बांधून आणले होते.

"हे काय रे?" मी म्हणाले.

"वहिनी, व्हायचंच हाय ते. वाट बघत बसू ने. आधीच उरकावं."

सासूबाई उठल्या. त्यांनी त्यातलाच एक बांबू घेतला आणि केरबाला चावडीपर्यंत पोचवून आल्या. घाम आला, ताप उतरला. पण त्याचं श्रेय केरबाला द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलंय.

दुसऱ्या दिवशी केरबा पुन्हा मिस्त्रीकडे. मिस्त्री म्हणाला, "गार गाडी आणलीस होय? गार तेल खाली उतरत नाही. चार किलोमीटर पळवून आण. गरम झाली की भडाभडा उतरतं."

"व्हय," केरबा म्हणाला, आणि जेवायला घरी गेला. घरी म्हैस अडून बसलेली. हौसाक्का चरवी घेऊन बसली होती, पण दूध काही उतरेना.

"गार हाय ती," केरबा म्हणाला. त्यानं म्हैस सोडली आणि चार किलोमीटर पळवून आणली. येताना म्हैस पुढं होती आणि केरबा दोरीच्या टोकाला मागं. दुधाचा तर थेंबही आला नाही. म्हशीनं चरवीला अशी लाथ मारली की चरवी आमच्या पत्र्यावर पडली.

हौसाक्कानं कपाळावर हात मारला. "आवो, मुकं जित्राब ते. पुढ्यात पेंड ठेवावी, पाठीवर हात फिरवावा, मागचे पाय बांधावेत, मग खाली बसावं!"

"व्हय," केरबा म्हणाला.

तासाभरानं बाबालाल मिस्त्री गॅरेजमधून बाहेर आला. जीप दारात उभी. बॉनेटपुढं घमेलंभर भिजवलेली पेंड. मागची दोन्ही चाकं दाव्यानं बांधलेली. आणि केरबा टपावर हात फिरवत होता.

"काय करतोयस?"

"उतरंल आता. जरा दम काढा."

मिस्त्रीनं पेंड बाजूला सारली आणि खाली शिरून स्वतःच तेल बदललं. मग हात पुसत म्हणाला, "हे बघ, आता आणखी चाळीस हजार किलोमीटर होईपर्यंत या गोळ्याकडं बघूही नकोस. फक्त एक. वाटेत गाडी ओढ्यात गेली, गोळ्यात पाणी शिरलं, तर तेल लगेच बदलायचं. तिथं किलोमीटर मोजत बसायचं नाही. वरचा बोल्ट भरायला, खालचा काढायला. कळलं?"

"ओढा आला की लगेच," केरबा म्हणाला.

हौसाक्का आदल्या दिवशी एसटीनं पुढं गेली, आईला हाताखाली म्हणून. केरबानं म्हाईच्या सकाळी शेंगतेलाचा पंधरा किलोचा डबा जीपमध्ये घातला आणि निघाला. पाहुण्यांचं पहिलं पान बाराला वाढायचं होतं.

आता माळेवाडीच्या वाटेवर ओढा एकच आहे. पण तो वळणावळणानं सात वेळा आडवा येतो.

पहिल्यांदा आडवा आला. केरबा पार झाला, थांबला, जीपखाली शिरला. मिस्त्रीनं घातलेलं नवंकोरं तेल दगडावर सोडून दिलं. आता भरायचं काय? मिस्त्री 'लगेच' म्हणाला होता, कुठलं तेल ते म्हणाला नव्हता. केरबानं डबा फोडला.

दुसऱ्यांदा आडवा आला. शेंगतेल काढलं, शेंगतेल भरलं. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा तेच. पाचव्यांदा आणि सहाव्यांदा टाचभर पाणी होतं, पण काढलं आणि भरलं. सातव्या ठिकाणी ओढा आटला होता. पण ओढा तो ओढाच.

त्या दिवशी वाटेवर सहा ठिकाणी मुंग्यांची म्हाई झाली.

केरबा पोचला तेव्हा साडेबारा झाले होते. मांडवात पाहुणे बसलेले. तांबडा रस्सा उकळून उकळून आटायला आलेला. वड्यांचं पीठ तयार, चूल पेटलेली, कढई कोरडी. हौसाक्का माजघरात पानं पुसत होती, आणि भावजय सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होती, "नणंदबाईंचं तेल निघालंय म्हणे. पोचंल पुढच्या म्हाईला."

केरबाच्या सासूबाई धावत बाहेर आल्या. "जावईबापू, तेल?"

"आणलंय की. गाडीत हाय."

"मग काढून आणा की! कढईतच आणा, डबे-बिबे नकोत."

केरबा कढई घेऊन जीपखाली शिरला. खालचा बोल्ट काढला. घाट चढून आलेली गाडी, तेल गरमागरम. भडाभडा उतरलं.

धुराची चूल, बायकांची घाई. कढई चुलीवर चढली आणि पहिला घाणा पडला. पाच वडे. त्या घरात पहिला घाणा जावयाच्या पानात जातो, तसा तो गेला. दुसऱ्या घाण्याला हौसाक्का आली, आणि कढईत बघतच राहिली. वडे कोळशासारखे, आणि वास गॅरेजचा.

"आवो, डबा कुठाय?"

"रिकामा झाला. सात ओढे लागले न्हवं."

हौसाक्कानं कळशी घेतली आणि गल्लीत शिरली. अकरा घरी तिनं पदर पसरला. कुणी वाटी दिली, कुणी तांब्या. दीड तास उशिरा पण पाहुणे पोटभर जेवले. भावजय वाढता वाढता म्हणाली, "नणंदबाईंनी तेल दिलं हो. गाडीनं खाल्लं, त्याला त्या काय करणार?"

तर गिरणीतली बातमी खरी, पण अर्धीच. वडे गाडीच्या तेलातले होतेच. पण अख्ख्या गावानं नाही, एकट्या केरबानं खाल्ले. पाचही. "जरा घाटाची चव हुती," म्हणाला.

हौसाक्का चार दिवस माहेरी राहिली. केरबा दुसऱ्या दिवशी एकटाच जीप घेऊन निघाला, आणि घरी आला चालत. जीप उतरतीला चौथ्या ओढ्याशी जागच्या जागी अडकली. गोळ्यातली चक्रं एकमेकांना घट्ट धरून बसली. बाबालाल मिस्त्री बघून आला आणि गॅरेजला कुलूप लावून घरी गेला.

मी केरबाला म्हणाले, "अरे, कढईत ओतलंस ते परत भरलं नाहीस? तेलाशिवाय गाडी चालवलीस?"

केरबाला वाईट वाटलं. "वहिनी, मी काय येडा हाय? दर ओढ्याला उतरलो. खाली शिरून बोल्ट काढून बघितला. हिनं बजावलंय न्हवं, पाणी शिरलं असंल तरच तेल बदलायचं."

"मग?"

"मग काय? एक थेंब पाणी न्हाई! गोळा आतनं खडखडीत कोरडा!"