सुगरणीचा दोर आणि एक मासा

नदीच्या वळणावर, करंजाच्या झाडाखाली, एक पाणमांजर राहत असे. बाळांनो, त्याने काठावर चिखलाची इतकी सुरेख घसरगुंडी केली होती, की सारे रान तिथे खेळायला येई. पावसाळा सरला की प्रत्येकाने एक दिवस चिखल थापायला यायचे आणि मग वर्षभर खेळायचे, असा तिथला रिवाज होता. एका लंगड्या सशाला मात्र तो चढ चढता येत नसे. तो खाली बसून इतरांचा खेळ पाहत राही. करंजावरच्या सुगरणीला ते बघवेना. तिने गवताची पाती विणून चढाच्या कडेने एक दोर बांधला. दातांत दोर धरून ससा हळूहळू वर गेला आणि जन्मात पहिल्यांदा घसरत खाली आला. मग बाकीचेही दोर धरूनच चढू लागले. गवत सुकले की गाठी सैल होतात, म्हणून सुगरण रोज सकाळी एकेक गाठ चोचीने आवळून ठेवी. ते कुणाच्या ध्यानातही आले नाही.

दोरामुळे गर्दी वाढली. पाणमांजराला वाटले, घसरगुंडी माझी, तर तिच्यावरचा दोरही माझाच. यापुढे दोर धरायचा तर दर खेपेला एक मासा द्यावा लागेल, असे त्याने सांगून टाकले. मुंगसाने कुरकुरत मासे आणून दिले. ससा घाबरून गेला. मासा कसा धरतात, हे त्याला कुठे ठाऊक होते? दुसऱ्या दिवशी सुगरणीने पाहिले, तर तो तीन पायांवर तोल सांभाळत नदीत उतरला होता आणि पाणी त्याच्या गळ्याशी आले होते. तिने ओरडून ओरडून त्याला मागे फिरवले. काठावर आल्यावर तो थरथरत म्हणाला, "ताई, एकच मासा हवा होता गं."

सुगरण तशीच पाणमांजराकडे गेली. दोर सशासाठी केला आहे, त्याच्यावर मासे घेऊ नकोस, असे तिने विनवले. पाणमांजर हसले. "तुला बांधायला कुणी सांगितले होते?" "कुणीच नाही," ती म्हणाली. "पण दादा, त्याच्या गाठी रोज आवळाव्या लागतात. दोर तुझा, तर उद्यापासून तू आवळ." त्याने ते कानाआड केले. सुगरण घरट्यात बसून राहिली खरी, पण तिचा जीव खालीवर होत होता. कुणी पडले तर?

तिसऱ्या दिवशी अर्ध्या चढावर दोर सुटला आणि मुंगूस गडगडत चिखलात आले. पाणमांजर गाठ मारायला धावले, पण त्याच्या जाड पंजांतून पाती निसटत राहिली. "मासे घेताना पंजा बरा चालत होता की," मुंगूस अंग झाडत म्हणाले. बाकीचे आपापले मासे परत मागू लागले. शेवटी पाणमांजर करंजाखाली येऊन मान खाली घालून उभे राहिले. आता कुणाकडूनही मासा घेणार नाही, असे ते म्हणाले. सुगरणीने नवी पाती आणली आणि दोर पुन्हा बांधला.

खेळ पुन्हा सुरू झाला. पण दोर दातांत धरण्याआधी ससा दर वेळी थांबतो आणि हळूच विचारतो, "दादा, आज काही द्यायचे नाही ना?" पाणमांजर नाही म्हणते. दुसऱ्या दिवशी ससा पुन्हा विचारतो.

तात्पर्य : दुसऱ्याने मायेने केलेल्या कामावर आपण किंमत लावू नये, किंमत मागे घेता येते, पण मनात बसलेली धास्ती लवकर निघत नाही.