बांधावर शंभर म्हणत नाहीत

तळ्याच्या बांधावरून चालत मध्यावर आलात की जरा थांबा आणि पायाखाली पाहा. सगळा बांध पांढरट चिकणमातीचा आहे. पण इथे, दहा-बारा पावलांच्या रुंदीत, माती तांबडी आहे. दोन्ही बाजूंनी गवत येते आणि या पट्ट्याच्या कडेशी थांबते. आमच्या खडकाळे गावाच्या शिवारात अशी माती कुठेच नाही. मी नोकरीची सगळी वर्षे भूशास्त्र शिकवले, तेव्हा एवढे तरी खात्रीने म्हणू शकतो. ती इथे कशी आली, हे सांगताना मात्र मला गावाच्या तोंडी असलेल्या हकिगतीवरच विसंबावे लागते, आणि ती सांगताना दर वेळी काहीतरी चुकते आहे असे वाटत राहते.

तुम्ही शहरातून आलेली मंडळी. सकाळी एकत्र व्यायाम करायचा आणि तो करता करता गावाचे एखादे काम उरकायचे, अशी तुमची रीत आहे म्हणता. चांगली आहे. आज नवरात्रातली अष्टमी, आज आमच्याकडेही तेच असते. पण बांधावर पाय ठेवण्याआधी एक सांगून ठेवतो. इथे सपाटे, म्हणजे पैलवानी उठाबशा, मोजताना नव्व्याण्णवच्या पुढे शंभर म्हणायचे नाही. नव्व्याण्णवनंतर एक. का, ते ऐका.

काळ नक्की कोणता, ते कागदात सापडत नाही. गाव म्हणते पाच पिढ्यांपूर्वीचा. मी नावे जुळवली तर चारच भरतात. त्या वेळी इथे तळे नव्हते, नुसती घळ होती. पावसाचे पाणी घळीतून धावत जाई आणि दिवाळी सरली की गावाला ओढ्यापलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणावे लागे. बायका दोन घागरी डोक्यावर आणि एक कडेवर घेऊन येत. येताना एकच सावली होती, तालमीची. तालमीच्या भिंतीला टेकून त्या दम घेत, आणि आत गावाच्या दुधातुपावर वाढलेले तीस गडी सपाटे मारीत असत. उडी घेऊन पुढे बसायचे, उठताना मागे यायचे; एक माणूस मोजायचा. शंभर झाले की सगळ्यांनी बसून दम घ्यायचा, मग पुन्हा शंभर. तालमीचा हा नियम फार जुना होता.

तालीम चालवणारे हैबती वस्ताद तेव्हा साठीच्या पुढे गेले होते. त्यांच्या हौदातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती तांबडी, लांबून बैलांवर आणलेली. ताक, तेल, हळद आणि कापूर घालून तीन पिढ्यांनी ती मुरवली होती. वस्ताद रोज ती स्वतःच्या हाताने वरखाली करीत आणि परक्याला तिच्यात पाय ठेवू देत नसत.

असे सांगतात की एके दिवशी गजराक्का कुंभारीण भिंतीला टेकून बसली होती. आतली मोजणी तिने बराच वेळ ऐकली आणि दारात येऊन म्हणाली, “वस्ताद, ह्या उठाबशा कुठं जात्यात?”

“म्हंजे?”

“रोज हजारानं काढता. एवढ्या उठाबशांत एक तळं झालं असतं. तुमचं गडी जिथल्या तिथं, आन् आमचं पाणी ओढ्यापल्याड.”

गडी हसले. वस्ताद हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी हौदावर घोंगडे टाकून त्यांनी तीसही जणांना घळीवर नेले.

पैलवानांनी बांध घातला तो पैलवानांसारखा. सर्वांत मोठा दगड कोण उचलतो, यात चढाओढ लागली. मातीची पाटी कुणी धरीना, कारण पाटीने छाती भरत नाही. त्यांच्यात बिरू नावाचा धनगराचा पोरगा होता, बावीस वर्षांचा, तालमीतला सर्वांत जोरकस. तीन माणसांनी हलणार नाही असा दगड तो एकटा खांद्यावरून आणी, आणि बाकीचे काम सोडून त्याच्याकडे बघत बसत. आठ महिन्यांत एवढाल्या दगडांची भिंत उभी राहिली. पाऊस झाला, पाणी साचले, गावाने नारळ फोडला. अकराव्या दिवशी तळे रिकामे होते.

गजराक्का भिंतीच्या खालच्या अंगाला जाऊन दगडांमधून झिरपणारे पाणी बघत होती. “पाण्याला दंड दाखवून उपयोग न्हाई, वस्ताद,” ती म्हणाली. “त्याला फट दिसती. माती घाला, आन् ती तुडवा. आमी गाडग्याची माती जशी तुडवतो तशी. तुडवायला तर तुमी जन्माला आलाय.”

त्या संध्याकाळी वस्तादांनी मारुतीपुढे नवस बोलला. तळ्यात पाणी ठरेपर्यंत या तालमीतला एकही गडी कुस्तीला उतरणार नाही, गावात नाही आणि बाहेरही नाही. घाम गाळायचा तो बांधावर.

यापुढची दोन वर्षे गावात कुणी फारशी सांगत नाही. सांगण्यासारखे त्यात काही नाही. चिकणमाती ओढ्यापलीकडून आणायची, थर द्यायचा, पाणी मारायचे, त्यावर रांगेने सपाटे मारायचे. शंभर झाले की दम घ्यायचा, पुन्हा थर. पैलवानाची वर्षे थोडी असतात आणि ती त्या मातीत जात होती. एकेक गडी दुसऱ्या गावच्या तालमीत निघून गेला. तिसांचे अकरा राहिले. तेव्हा गावातले बाकीचे लोक बांधावर आले, आधी म्हातारे, मग बायका. पैलवानांशेजारी उभ्या राहून बायका पदर खोचून माती तुडवू लागल्या. बिरू टिकून राहिला, पण त्याचे बोलणे कमी झाले. त्याच्या जोडीचे लोक जत्रांमधून फेटे बांधून परतत आणि तो गुडघ्यापर्यंत चिखलात असे.

तिसऱ्या वर्षी भाद्रपदात संस्थानच्या गावाहून निरोप आला. दसऱ्याच्या मैदानात शेवटची कुस्ती बिरूची लावायची, समोर दरबाराचा पैलवान. असे बोलावणे माणसाला एकदाच येते. बिरूने निरोप ऐकला आणि पाटी उचलून बांधावर गेला. रात्री जेवला नाही म्हणे.

चार दिवस गेले. मग वस्तादांनी त्याला बोलावले.

“जा तू,” ते म्हणाले.

“नवस?”

“नवस माझा हाय. त्याचं काय व्हायचं ते माझं व्हईल. तुझं वय जातंय ते मला दिसतंय, बिरू. जा.”

बिरू पाया पडला. संस्थानचे गाव दोन दिवसांच्या चालीवर होते. दसऱ्याला मैदानात उभे राहायचे तर अष्टमीला दुपारच्या आत ओढा ओलांडायला हवा होता. पुढे ओढ्याला पाणी चढले तर दोन दिवस वाट बंद.

त्या वर्षी हस्ताचा पाऊस सप्तमीपासूनच लागला होता. तळे पहिल्यांदाच काठोकाठ भरत आले. अष्टमीला सकाळी बिरू खांद्यावर गाठोडे घेऊन निघाला आणि वस्तादांना सांगून जावे म्हणून बांधावर चढला. तिथे सगळे गाव उभे होते. बांधाच्या मध्यावर, जिथला थर सर्वांत नवा होता, तिथे दहा-बारा पावले माती खचली होती. खालच्या अंगाने गढूळ पाणी सुटले होते. बांध गेला असता तर खालची आळी आणि तालीम दोन्ही गेली असती. चिकणमाती ओढ्यापलीकडे, आणि ती आणायला वेळ नव्हता.

वस्ताद खाली तालमीकडे बघत होते. मग म्हणाले, “हौद उकरा.”

कुणी हलले नाही. ते स्वतः खाली गेले, हौदावरचे घोंगडे काढले आणि पहिली पाटी भरली. ती त्यांनी स्वतःच डोक्यावर घेऊन बांधावर आणली.

त्यानंतर खालून वर माणसांची ओळ लागली. तीन पिढ्यांची माती हातोहात वर आली आणि खचलेल्या जागी पडू लागली. पण नुसती टाकलेली माती पाणी धरत नाही. ती तुडवायला हवी होती, तीही एकसारखी. मोजणारा हवा होता. तालमीत मोजायचे काम बिरूचे.

गजराक्का ओळीत त्याच्याजवळच उभी होती. “पैलवान, तुमची वाट तिकडं,” ती म्हणाली. तिने टोमणा मारला की आठवण करून दिली, ते तिच्या घरच्यांनाही सांगता येत नाही.

“तिकडंच चाललोय,” बिरू म्हणाला. त्याने गाठोडे एका दगडावर ठेवले. “शंभर मारून घेतो आन् जातो.”

दहा गडी, तो अकरावा, आणि त्यांच्या मागे गाव. एका वेळी चाळीस-पन्नास माणसे त्या तांबड्या मातीवर उडी घेऊन बसत, उठत. बिरू मोजत होता. पन्नासला माती अजून पायाखाली हलत होती. सत्तरला खालचे पाणी थोडे कमी झाले. नव्वदला नवी माती वर आली आणि पसरली गेली. बांधावरून ओढा दिसतो. तुम्हीही पाहू शकता. ओढ्याचे पाणी काठावरच्या पहिल्या पायरीला लागले होते, पण वाट अजून मोकळी होती.

नव्व्याण्णव, बिरू म्हणाला.

पुढचा आकडा प्रत्येकाला ठाऊक होता. तो आला की सगळ्यांनी बसायचे आणि बिरूने जायचे. लोकांचे पाय भरून आले होते, कित्येक जण त्या आकड्याचीच वाट पाहत होते. बिरूने ओढ्याकडे पाहिले. मग पायाखालच्या मातीकडे. एवढा वेळ थांबला की मागच्यांना वाटले तो मोजायचे विसरला.

मग तो म्हणाला, “एक.”

माणसे पुन्हा खाली बसली, उठली. पुन्हा नव्व्याण्णव झाले, पुन्हा एक. तिसऱ्यांदा एक म्हटले तेव्हा ओढ्याची वाट पाण्याखाली गेली. बिरूने ते पाहिले, असे सगळे सांगतात, आणि त्याचा आवाज बदलला नाही असेही सांगतात. पडणारी माणसे बाजूला होत, दुसरी त्यांच्या जागी येत. बिरू जागेवरून हलला नाही. असे किती वेळा एक म्हटले गेले ते कुणी मोजले नाही. गाव एकेचाळीस म्हणते. माणसाच्या गुडघ्यांचा विचार केला तर ते शक्य वाटत नाही, पण मी तिथे नव्हतो.

दिवस मावळायला आला तेव्हा पाऊस थांबला. खालच्या अंगाचे पाणी आटले होते. तांबडी माती दगडासारखी बसली होती.

दसऱ्याला संस्थानच्या मैदानात बिरूचे नाव तीनदा पुकारले, आणि समोरच्या पैलवानाला न लढता फेटा बांधला. वस्तादांचा नवस पुरा झाला. त्या वर्षी पाणी पुढच्या ज्येष्ठापर्यंत टिकले. पण हौद रिकामा होता. नवी माती आणली, ती मुरायला वस्तादांचे आयुष्य पुरले नाही. बिरूचे गुडघे त्या दिवसानंतर पुन्हा सरळ झाले नाहीत. तो कुस्ती खेळला नाही. दर अष्टमीला काठी टेकत बांधावर येई आणि मोजायचे काम करी.

तरुणपणी मी ही हकिगत एका दिवाळी अंकात लिहिली होती. त्यात त्याग, निष्ठा असले शब्द पुष्कळ होते. ते वाचून कुंभार आळीतला एक म्हातारा माझ्याकडे आला. त्याच्या आजीने, म्हणजे गजराक्काच्या सुनेने, बिरूला म्हातारपणी विचारले होते, “मामा, तुमी शंभर का म्हनला न्हाई?” बिरू म्हणे गुडघा चोळत होता. म्हणाला, “दमलो होतो गं. सगळीच दमली होती. शंभर म्हटलं असतं तर बसलो असतो, आन् बसलेलं कुणी परत उठलं नसतं. मी बी.” एवढेच. तो अंक मी नंतर कुणाला दाखवला नाही.

या तांबड्या मातीचा एक नमुना मी पुडीत बांधून घरी ठेवला आहे. तिच्यात तेलाचा, हळदीचा अंश निघतो का हे पाहणे अवघड नाही. सतरा वर्षे झाली, पुडी सोडलेली नाही.

आजही अष्टमीला तालमीचे दार बंद असते. तालमीतली मुले, ट्रॅक्टर चालवणारे, बचत गटातल्या बायका, शाळेतल्या बाई, सगळे एकेक घमेले माती घेऊन इथे येतात. पावसाने बांध जिथे झिजला असेल तिथे ती टाकतात आणि तिच्यावर सपाटे मारतात. ज्यांना सपाटे जमत नाहीत ते उभ्याने तुडवतात. थकला तो बाजूला होतो, दुसरा त्याच्या जागी येतो. माती संपली की काम संपते, आकड्यावर संपत नाही. गेली अकरा वर्षे मोजायला मला उभे करतात, कारण माझ्या गुडघ्यांचा दुसरा काही उपयोग उरलेला नाही. नव्वदच्या पुढचे आकडे मी सावकाश म्हणतो. जन्मभराची सवय आहे, तोंडातून शंभर निघून गेले तर, असे वाटत राहते.

चला, घमेली उचला. ऊन वर यायच्या आत सुरू करू. नव्व्याण्णव झाले की मी थोडा थांबेन. मोजणारे सगळेच तिथे थांबत आले आहेत. तेवढ्या वेळात ओढ्याकडे नजर टाका, पलीकडे जाणारी वाट दिसेल, मोकळीच असते. तिच्याकडे एकदा बघायचे, आणि एक ऐकू आले की पुन्हा खाली बसायचे.