एक ठेवा, बाकीची फोडा

"एक ठेवा, बाकीची फोडा!" उदाजीराव महाराजांनी घोड्यावरूनच हुकूम सोडला आणि तुळाजी कुंभार होता तिथेच मटकन खाली बसला. भट्टीतून काढलेली दोनशे मडकी दारात मांडलेली होती. अक्षय्य तृतीया चार दिवसांवर आलेली, आणि घराचं वर्षभराचं पोट त्याच मडक्यांवर!

खूळ सगळं इंग्रजीचं होतं. महाराजांना साहेबाची भाषा शिकवायला पुण्याहून गोगटे मास्तर आले होते, आणि त्यांनी एक शब्द शिकवला, युनिक. म्हणजे जगात एकच, दुसरं नाही असं. शब्द महाराजांच्या डोक्यात जाऊन बसला तो बसलाच. देवघरातल्या समयांच्या जोडीतली एक समई अडगळीत गेली. एकच चप्पल घालून महाराज अंगणात चार पावलं चाललेसुद्धा, पण उन्हात तापलेल्या फरशीचा चटका बसला आणि तो बेत तेवढा राहिला. आता पाळी मडक्यांची आली होती.

तुळाजीची सून येसू डोक्यावरचा पदर सावरत पुढे झाली.

"म्हाराज, फोडा की. पर सारखी असतील तर फोडायची न्हवं? ह्यातली दोन सारखी न्हाईतच."

महाराजांनी दोनशे मडक्यांवरून नजर फिरवली आणि मग येसूकडे कीव आल्यासारखं पाहिलं. उद्या दरबारात येऊन हे सिद्ध कर, ते म्हणाले. नाही जमलं तर मडकी फुटतीलच, वर चाकही फुटेल. तुळाजीने सुनेला चार शब्द सुनावले. "मामंजी, उद्या बोला," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने दरबारात पाच मडकी मांडली आणि स्वतःचे डोळे बांधून घेतले. बायका मडकं वाजवून बघितल्याशिवाय घेत नाहीत, म्हणून भट्टीतून निघालेलं एकेक मडकं येसू आधी स्वतः वाजवून बघत असे. आताही तिने पाचही मडक्यांवर एकेकदा बोट मारून घेतलं आणि म्हणाली, आता महाराजांनी हवं ते वाजवावं.

महाराजांनी टिचकी मारली. "तिसरं," येसू म्हणाली. दुसरी टिचकी. "पैलं. त्याचा आवाज आमच्या आत्याबाईंवानी, जरा घोगरा." महाराजांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच त्याच मडक्यावर पुन्हा टिचकी मारली.

"म्हाराज, आत्याबाई आत्ताच येऊन गेल्या," येसू म्हणाली.

दरबारात अचानक बऱ्याच जणांना खोकला आला. महाराजांचे कान लाल झाले. हट्टी माणूस हरला की जास्तच हट्टी होतो, राजा असला तर विचारूच नका. आवाज गेला खड्ड्यात, ते म्हणाले, डोळ्यांना सारखी दिसतात ना? मग हुकूम तो हुकूम! शिपायांनी काठ्या उचलल्या. तुळाजीने डोळे मिटून घेतले. येसूने डोळ्यांवरची पट्टी सोडली.

तेवढ्यात तिला बाजूला बसलेल्या गोगटे मास्तरांच्या मांडीवरची इंग्रजी शब्दांची वही दिसली.

"म्हाराज, एकच इचारते. त्या 'एकच'ला सायबाच्या भाषेत शब्द किती हाईत?"

महाराज खुलले. "आजवर अकरा झाले! युनिक, सोल, सिंग्युलर, ओन्ली... मास्तर, वाचा ती यादी!"

"आन् सगळ्यांचा अर्थ?"

"सगळ्यांचा एकच! जे जगात दुसरं नाही, ते!"

"मग हुकूम त्यांनाबी लागू," येसू म्हणाली. "एक ठेवा, बाकीचे फोडा."

मास्तरांनी वही छातीशी घट्ट धरली. सात महिने खपून त्यांनी ती यादी जमवली होती. "नको महाराज!" ते काकुळतीला येऊन म्हणाले. "वरवर सारखे दिसतात, पण तसं नाही. सोल म्हणावं ते एकुलत्या वारसाला. सिंग्युलर म्हणावं ते काही विलक्षण असेल त्याला. एकाच्या जागी दुसरा ठेवून बघा, वाक्य लगेच बद्द वाजतं! कान लावला, की प्रत्येकाचा आवाज..."

मास्तर तिथेच थांबले. सगळा दरबार मडक्यांकडे बघू लागला.

महाराजांनी एकदा वहीकडे पाहिलं, एकदा मडक्यांकडे. मग ते हसू लागले, इतके, की पगडी कलली आणि शिपायांच्या काठ्या आपोआप खाली आल्या. हुकूम तिथल्या तिथे रद्द झाला. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून येसूच्या ओंजळीत ठेवलं, आणि यापुढे वाड्यातली सगळी मडकी तुळाजीकडूनच घ्यायची, असं कारभाऱ्यांना बजावलं. काल सुनेला सुनावलेले चार शब्द तुळाजीने मनातल्या मनात परत घेतले.

मग महाराज सिंहासनावरून उतरले आणि बाजारातल्या बायकांसारखी पाचही मडकी वाजवून बघत त्यांनी त्यातलं एक उचललं.

"ब्येस निवडलंत, म्हाराज," येसू म्हणाली. "तसं दुसरं न्हाई."

हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत असे.